मासे मोजले, माणसं कोण मोजणार?

धरणाच्या पाण्यावर हौशी मासेमारांना परवाने द्यावेत का, हा वाद पेटला की दोनच सूर लागतात. एक सूर म्हणतो, ओठात पोलादी गळ रुतवून माशाला दमेपर्यंत ओढायचं, हातात धरून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून स्वतःची पाठ थोपटायची, ही निव्वळ क्रूरता आहे. दुसरा म्हणतो, काठावर गळवाला बसलेला असतो म्हणून तर सुरुंग लावणारे आणि पाण्यात विष कालवणारे लांब राहतात. त्याला उठवलंत की नदी त्यांनाच आंदण. आवेश दोन्हीकडे भरपूर, पण साधे प्रश्न विचारले की दोघंही गप्प. एका जलाशयावर वर्षभरात किती माणसं गळ टाकतात? कुठून येतात, किती तास बसतात, काय सोडतात आणि काय पिशवीत घालून नेतात? ज्या मच्छीमार सहकारी संस्थेने त्या पाण्याचा ठेका घेतलाय, तिच्या जाळ्यातलं त्यांच्यामुळे नेमकं किती कमी होतं? यातलं काहीही हाताशी नसताना आपण परवान्याची फी किती असावी यावर भांडतो. आणि मत्स्यविज्ञान शिकणारा एखादा विद्यार्थी ‘मला माशांचा नाही, मासे धरणाऱ्यांचा अभ्यास करायचाय’ म्हणाला, तर त्याची टिंगल होते: गळ टाकून बसणाऱ्यांवर पदवी मिळते होय? माझं म्हणणं असं की मिळायला हवी. गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीचे बहुतेक अडलेले प्रश्न माशांचे नाहीतच, माणसांचे आहेत. ते काठावर फॉर्म घेऊन बारा महिने मोजल्याशिवाय सुटत नाहीत, आणि एकाच पाण्यावर बारा महिने ठाण मांडायला पदव्युत्तर विद्यार्थ्याशिवाय दुसरा कोण रिकामा असतो?

वेदनेचा मुद्दा आधी घेऊ, कारण विरोधकांचा तोच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. २००३ साली एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जाग्राहक दाखवून दिले. ओठात ॲसेटिक आम्ल टोचलेले मासे तळाच्या खडीवर ओठ घासू लागले, खाणं लांबवू लागले. त्या हालचालींना ‘वेदना’ म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत अजून खडाजंगी चालते. पण ‘माशाला काय कळतंय’ म्हणून हात झटकायची सोय उरलेली नाही. हे मान्य. मग पुढे काय? जर्मनीच्या १९७२च्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार सयुक्तिक कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही. मासा खाणं हे कारण चालतं, पकडून सोडण्याची मौज चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००९पासून, सोडायचाच म्हणून मासा धरायला जाणं नियमबाह्य आहे. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९च्या नियमाने १६ जूनपूर्वी गळाला लागलेला प्रत्येक सॅमन सोडून देणं सक्तीचं केलं. मासा तोच, मज्जातंतू तेच. एका देशात सोडणारा दोषी, दुसऱ्या देशात न सोडणारा दोषी. हा फरक कुठल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार? तो माणसांच्या मूल्यांचा फरक आहे, आणि मूल्यं तपासायची तर माणसांनाच विचारावं लागतं.

बरं, सोडलेल्या माशांपैकी मरतात किती, हा तरी निव्वळ जीवशास्त्राचा प्रश्न आहे का? २००५ साली ५३ अभ्यासांमधल्या २७४ अंदाजांचा एकत्र आढावा घेतला गेला. मरतुकीची सरासरी निघाली १८ टक्के, मध्यक (निम्मे अंदाज ज्याच्या खाली, निम्मे वर) ११ आणि पल्ला ० ते ९५. शून्य ते पंचाण्णव! एवढी तफावत कशाने पडते? गळ ओठात लागला की घशात उतरला, आमिष गांडुळाचं होतं की नकली, गळाला काटेरी उलटी नांगी होती की नाही, पाणी किती तापलेलं होतं, मासा किती खोलातून वर ओढला, हात ओले करून धरला की कोरड्या फडक्यात, फोटोसाठी पाण्याबाहेर दहा सेकंद ठेवला की दोन मिनिटं. पाण्याचं तापमान सोडलं तर ही सगळी माणसाची करणी आहे. आणि तापलेल्या पाण्यावर एप्रिलच्या दुपारी दोनला जायचं की पहाटे, हेही माणूसच ठरवतो. आमिष खरोखर खाण्याजोगं असलं की मासा ते निवांत गिळतो, ओढ जाणवेपर्यंत गळ घशात पोचलेला असतो. म्हणून कणकेच्या गोळ्यावर किंवा गांडुळावर बसलेला नवखा हा नकली माशावर खेळणाऱ्या मुरलेल्यापेक्षा जास्त मासे मारतो, सोडायचा इरादा असला तरी. म्हणजे मरतुकीचा अंदाज करायचा तर आधी काठावरच्या माणसांची जातकुळी कळली पाहिजे.

हे सांगणारं शास्त्र पन्नास वर्षांचं जुनं आहे, आणि त्याचा बराचसा पाया विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर उभा आहे. हॉब्सन ब्रायन यांनी १९७७ साली ट्राउट धरणाऱ्यांच्या मुलाखतींवरून एक शिडी मांडली: अधूनमधून येणारा, ज्याला कुठलाही मासा चालतो, सर्व प्रकार करून पाहणारा, एकाच तंत्राला वाहिलेला, आणि शेवटी तंत्रही ठरलेलं, पाणीही ठरलेलं असा. जसजसा माणूस वर चढतो तसतसं मासा घरी नेण्याचं महत्त्व घटतं, आणि नियम कडक असावेत असं त्याला वाटू लागतं. १९८० साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या ॲलन ग्रेफ यांच्या पीएच.डी. प्रबंधातून ‘मासा हवा’ या एका इच्छेचे वेगवेगळे धागे सुटे झाले: काहीतरी लागावं, पुष्कळ लागावेत, मोठा लागावा, आणि घरी नेता यावा. चारही धागे एकाच माणसात सारखे ताणलेले नसतात. आणि मग आली मजेदार गोष्ट. गळवाल्यांना विचारा, ‘कशासाठी येता?’ उत्तर ठरलेलं: शांतता, निसर्ग, मित्रमंडळी. बर्लिनच्या रॉबर्ट आर्लिंगहाउस यांनी २००६ साली जर्मन मासेमारांच्या बाबतीत दाखवलं की येण्याचं कारण काहीही सांगोत, समाधान मात्र पकडीवर हेलकावतं. फॉर्मवर ‘निसर्ग’ लिहिणारा रिकाम्या हाताने परतताना खट्टूच असतो. पर्यटनाच्या योजना आखणारे नेमकं पहिलं उत्तर वाचून थांबतात.

या अभ्यासाला तिकडे प्रतिष्ठा मिळाली ती तत्त्वज्ञानामुळे नव्हे, पैशामुळे. अमेरिकेत १९५०च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने काठ्या, रिळं, नकली आमिषं यांवरचा कर मत्स्यसंवर्धनासाठी बाजूला काढला आणि तो राज्यांना वाटताना ४० टक्के वजन क्षेत्रफळाला, ६० टक्के परवानाधारक मासेमारांच्या संख्येला दिलं. माणसं मोजली तर पैसे, नाही मोजली तर नाही. पाच वर्षांत, १९५५ला, पहिलं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं.

मोजणीने भांडणं मिटतात का? पूर्ण नाही, पण खोट्या आरोपाची हवा निघते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी १८३७ आणि १८४२च्या तहांत जमीन दिली, शिकार-मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला. १९७४मध्ये फ्रेड आणि माइक ट्रिबल या ओजिब्वे भावांनी जमातीसाठी राखलेल्या हद्दीबाहेरच्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून भाल्याने मासा मारला, मुद्दाम, पकडलं जावं म्हणून. १९८३मध्ये अपील न्यायालयाने हक्क मान्य केला. मग दरवर्षी वसंतात, रात्री दिव्याच्या उजेडात वॉलआय मासा भाल्याने मारणाऱ्या ओजिब्वे कुटुंबांना घाटाघाटांवर जमाव अडवू लागला. दगड, शिव्या, ‘एक वॉलआय वाचवा, एक इंडियन भाल्यावर घ्या’ अशा पाट्या. आरोप एकच: हे लोक तळी रिकामी करताहेत. आता पाहा, भालेवाल्यांचा प्रत्येक मासा घाटावर मोजला जात होता, एकूण एक. गळवाल्यांच्या माशांचा मात्र नमुना-मुलाखतींवरून अंदाज करावा लागे. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर कळलं की गळवाल्यांचा वाटा भालेवाल्यांच्या कित्येक पट आहे. १९९१च्या संयुक्त अहवालानेही तळ्यांतल्या वॉलआयची स्थिती चांगली असल्याचं आणि भाल्यांनी ती बिघडवली नसल्याचं सांगितलं. हा वाद माशांची जनुकं तपासून सुटला असता का?

आता आपल्याकडे. कावेरीवर गालीबोरेच्या मासेमारी छावणीत १९९८ ते २०१२ या काळातल्या पकडीच्या नोंदी राहिल्या. पाहुणा किती तास बसला, किती महासीर (नदीतला मोठ्या खवल्यांचा, दांडगा मासा) लागले, वजन किती. संशोधकांनी त्या २०१५ साली मांडल्या तेव्हा चित्र विचित्र निघालं: तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेलेली, सरासरी वजन घसरत गेलेलं. कारण मासा बदलला होता. ज्याने कावेरीचं नाव जगभर नेलं तो कुबडाचा महासीर नाहीसा होत चालला होता आणि त्याची जागा निळसर परांच्या महासीराने घेतली होती. १९४६मध्ये काबिनी या कावेरीच्या उपनदीत १२० पौंडांचा मासा व्हॅन इंगन यांच्या गळाला लागला तो कुबडाचाच. आज तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. आणि त्याच्या जागी आलेला मासा कुठला? आपला. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळच्या केंद्रात ज्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वाढवून देशभर पाठवली गेली, तो. सद्हेतूने, संवर्धन म्हणून. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘खुदरी’ हे १८३९ साली साईक्सने मुळा-मुठेच्या माशाला दिलेलं नाव. (हा साईक्स मुळात मुंबई सरकारने १८२४ला नेमलेला सांख्यिकी अधिकारी. दख्खनची माणसं, पिकं, धंदे मोजता मोजता तो मासे लिहून गेला, आणि पोटील, कोळस, सांडकोळ ही गावातली नावं शास्त्रात बसवून गेला. माणसं आणि मासे एकाच वहीत, हे त्याला विचित्र वाटलं नव्हतं.)

या कावेरीच्या कथेतून गळाचे समर्थक एक निष्कर्ष काढतात: बघा, आमच्या नोंदींमुळेच कळलं. खरं आहे, दुसऱ्या कोणी त्या ठेवल्याच नव्हत्या. पण अर्धंच खरं. चौदा-पंधरा वर्षं हा बदल काठ्यांच्या समोर घडत होता आणि बोंब झाली नाही, असं का? ग्रेफचे धागे इथे कामी येतात. ज्याला ‘पुष्कळ’ हवेत तो पाहुणा खूश होता, कारण तासाला जास्त मासे लागत होते. ज्याला ‘मोठा’ हवा तो कुरकुरत असणार; पण दर हंगामाला नवे पाहुणे, आणि नव्याला पूर्वीचं प्रमाण ठाऊकच नसतं. समाधानाचा एकच प्रश्न विचारणारा फॉर्म इथे ‘सगळं छान’ म्हणाला असता. चार प्रश्न विचारणारा फॉर्म असता तर कदाचित धोक्याची घंटा दहा वर्षं आधी वाजली असती. पुढे वन्यजीव कायद्यात गळ म्हणजे शिकार असा अर्थ लावून अभयारण्यातल्या छावण्या बंद झाल्या, आणि नोंदीही थांबल्या. छावण्यांमुळे गावाला रोजगार होता, पूर्वी चोरून मासे मारणारेच वाटाडे झाले होते, असं सांगतात. असेलही. पण पाहुण्याने दिलेल्या शंभर रुपयांतले किती गावात राहिले, कोणत्या घरांत, आणि ज्या घरांना आधी त्याच डोहात जाळं टाकता येत होतं त्यांनी काय गमावलं, हे मोजल्याशिवाय त्या दाव्याला दावाच म्हणायचं.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला जास्त टोचतो: असला अभ्यास शेवटी पैसेवाल्या हौशींची जाहिरात ठरेल. धोका खरा आहे. भारतातल्या ‘पकडा-सोडा’वाल्यांची मतं लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकाने गोळा केली ती इंटरनेटवरून. सुरुवातीला दुसरा मार्गही नव्हता, कारण आपल्याकडे परवानाधारकांची एक अख्खी यादी नाही, मग नमुना काढणार कशातून? पण अशा फॉर्मला उत्तर देतो कोण? ज्याच्याकडे इंग्रजी आहे, जो गटांमध्ये सक्रिय आहे, ज्याची काठी-रीळ काही हजारांची आहे. बांबूच्या काठीला तंगूस बांधून, बूचाचा तुकडा तरंगता ठेवून बसलेला पोरगा त्या नमुन्यात येत नाही. साधा हिशेब: समजा हजार जणांना फॉर्म पाठवले, तीनशे परत आले, त्यांची सरासरी वर्षाला २० दिवस मासेमारी. न उत्तरलेल्यांपैकी काहींना फोन केला तर सरासरी निघाली ८. मग खरी सरासरी २० नव्हे, ११.६. उत्साही माणूस फॉर्म भरतो आणि आकडा फुगतो. वर ‘गेल्या वर्षात किती मासे?’ विचारलं की उत्तरं ५, १०, २०, ५० अशी गोल येतात. दोन वर्षांपूर्वीचा मोठा मासा गेल्या वर्षात सरकतो. तेव्हा उपाय अभ्यास टाळणं हा नाही. उपाय पाण्यावर जाणं हा आहे.

पाण्यावर जायचं म्हणजे कसं, हेही सांगायला हवं, कारण ‘सर्वेक्षण’ म्हणताच लोकांना वाटतं दोन रविवार गेले की झालं. वर्षाचे दिवस आधी वेगळे करायचे: सुट्टीचे आणि कामाचे. दर महिन्यात दोन्ही गटांतून चार-चार दिवस चिठ्ठ्या टाकून काढायचे, म्हणजे वर्षाला ९६. त्या दिवशी तीन वेळा, वेळाही चिठ्ठीनेच, पूर्ण काठाला फेरी मारून गळवाले मोजायचे. १४, ९, २२ आले तर सरासरी १५. उजेड बारा तासांचा तर १८० मासेमार-तास. मुलाखतींतून तासाला सरासरी २०० ग्रॅम पकड निघाली तर त्या दिवसाचे ३६ किलो. इथे दोन खड्डे आहेत. फिरत्या मोजणीत सहा तास बसणारा माणूस एक तास बसणाऱ्याच्या सहापट वेळा भेटतो, म्हणून ‘सरासरी बैठक’ खोटी लांब दिसते. आणि नुकत्याच बसलेल्याला पाच मिनिटांत मासा लागलेला असेल तर त्याचा तासाचा वेग भलताच निघतो. म्हणून अर्ध्या तासाच्या आतल्या बैठका वेगाच्या हिशेबातून वगळतात. बाहेर पडायची वाट एकच असेल तर तिथेच बसावं, म्हणजे संपलेली बैठक हाती लागते. पण आपल्या धरणांना वाट एक कुठे असते? बुडीत क्षेत्राला शंभर पायवाटा.

त्याहून अवघड म्हणजे खरं बोलवून घेणं. विनापरवाना बसलेल्या माणसाला खाकी गणवेशाशेजारी उभं राहून ‘किती मासे?’ विचारलं तर उत्तर ‘काही नाही’. १९६५ला स्टॅनली वॉर्नर यांनी अशा नाजूक प्रश्नांसाठी जी युक्ती काढली तिचं एक सोपं रूप असं: फासा उत्तर देणाऱ्याच्या हातात, आकडा फक्त त्यालाच दिसेल. १ पडला तर खरं काहीही असो ‘हो’ म्हणायचं, ६ पडला तर ‘नाही’, बाकी आकड्यांवर खरं सांगायचं. १२० जणांना ‘बंदीच्या दिवसांत मासे धरलेत का?’ विचारलं आणि ४८ ‘हो’ आले. त्यातले २० फाशाचे. उरले २८, खरं बोलणाऱ्या ८०पैकी. म्हणजे ३५ टक्के. कोणाचंही नाव उघड न करता. पण फाशाने गोंधळही वाढतो: १२० माणसांवर खरा आकडा २२ ते ४८ टक्क्यांत कुठेही असू शकतो. तो नेमका हवा तर कित्येक पट माणसं लागतात, आणि काही जण फाशाने सांगितलं तरी ‘हो’ म्हणायला तयार होत नाहीत. मार्गदर्शकाने हे आधी सांगितलं नाही तर विद्यार्थ्याचं वर्ष वाया.

तिसरा आक्षेप सरळ आहे: नद्या सांडपाण्याने मरताहेत, आणि तुम्ही हौशींचे स्वभाव कसले तपासता? क्रम म्हणून हा आक्षेप मला मान्य आहे. देहूच्या इंद्रायणीत मासे तडफडून वर येतात तेव्हा त्याला गळ कारण नसतो. पण महाडजवळ वाळणकोंडीला आणि वाड्याजवळ तिळसेच्या वैतरणेत महासीर टिकला तो कुठल्या प्रक्रिया केंद्रामुळे? देवाचे मासे म्हणून कोणी धरत नाही, एवढ्यावर. तो नियम कोण पाळतो, कोणाला मोडावासा वाटतो, डोहाची हद्द गावाच्या मते कुठे संपते, हे कळलं तर पाचशे मीटर खालच्या डोहाचं काय करायचं ते कळेल. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मासे मारायचे नाहीत आणि विकायचे नाहीत असे दिवस ठरवून दिलेत, तिथे ‘केवटभोग’, म्हणजे कोळ्यांच्या हक्काचं पाणी, वेगळं नोंदलंय. बावीसशे वर्षांपूर्वीच्या बंदी-आदेशातही पाणी कोणाचं हे आधी लिहिलं होतं. आणि चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, बाराव्या शतकात, ‘मत्स्यविनोद’ नावाचं अख्खं प्रकरण आहे, माशांचे प्रकार आणि त्यांना चारा घालून माजवण्याच्या रीतींसह. तेव्हा ही हौस साहेबाने आणली, हेही काही खरं नाही.

परकी चौकट जशीच्या तशी उचलू नये, हा शेवटचा आक्षेप मात्र मी पुरता पत्करतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हौशी मासेमारी म्हणजे जी माणसाची मूलभूत अन्नगरज भागवण्याचं मुख्य साधन नाही आणि जिचा मासा सहसा विकला जात नाही, ती. आता जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाची रात्र घ्या. पालघर-रायगडकडे वळगण, खाली सिंधुदुर्गात चढणीचे मासे. नदीतून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात गाभोळीने भरलेल्या माद्या चढतात आणि अख्खं गाव बॅटऱ्या, कोयते, झोळ्या घेऊन बाहेर पडतं. मुंबईहून खास रजा काढून आलेले चाकरमानी असतात, शाळामास्तर असतात, कातकरी कुटुंबं असतात, फडक्याने मासे उचलणाऱ्या बाया असतात. यातला हौशी कोण? काठी कोणाच्याच हातात नाही, तेव्हा ‘गळ मोजा’ म्हणणारा फॉर्म शून्य नोंदवेल, आणि त्या एका रात्रीत उचललेल्या अंड्यांचा हिशेब कुठेच लागणार नाही. रत्नागिरीच्या किंवा नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयातून, वर्सोव्याच्या केंद्रीय संस्थेतून निघालेल्या विद्यार्थ्याने या रात्रीसाठी फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यावा, शिसपेन्सिल न्यावी, कारण शाई टिकत नाही, आणि ‘उद्देश’ या रकान्यात ‘छंद’ व ‘पोट’ एवढेच दोन चौकोन छापू नयेत. तिसरा रिकामा ठेवावा. त्यात काय लिहायचं ते खाचराच्या बांधावर उभी असलेली माणसंच सांगतील.